परक्या जमिनीतली वाट

मनीषनगर या नावाचे गाव नागपूर जिल्ह्याच्या महसुली दप्तरात नाही. वर्धा मार्गाने विमानतळाच्या दिशेने निघाल्यावर डाव्या हाताला रेल्वेचे रूळ ओलांडले की जी दाट वस्ती लागते, तिला टपालवाला, रिक्षावाला आणि लग्नपत्रिका छापणारा मनीषनगर म्हणून ओळखतो. परंतु तेथील एखाद्या सदनिकेचे खरेदीखत उघडून पाहावे, तर प्रथम येतो तो मौजा, मग पटवारी हलका, मग खसरा क्रमांक, आणि मौजाचे नाव वाचू जाता सोमलवाडा निघते, थोडे दक्षिणेला सरकले तर बेसा. पुण्या-मुंबईकडून आलेल्या गृहस्थाला या तीन शब्दांची गंमत वाटते, कारण त्याच्या मुलखात पटवाऱ्याचा तलाठी झालेला असतो आणि खसऱ्याचा सर्व्हे नंबर किंवा गट. आम्हां नागपूरकरांना मात्र हे शब्द जिभेवरचे आहेत. माणसे बदलली, पिके गेली, ज्वारी-तुरीच्या शेतांवर सात मजली इमारती उभ्या राहिल्या. दप्तराने तेवढा आपला जुना पोशाख उतरवलेला नाही.

आमच्या इमारतीच्या पाठीमागे, आखीव भूखंडांच्या काटकोनांना न जुमानता, एक वाकडी वाट गेली आहे. बैलगाडी जाईल एवढीच तिची रुंदी. पूर्वी या भागात शेत असलेले एक वृद्ध गृहस्थ तिला अजूनही पांधण म्हणतात. रोज सकाळी साडेसहाच्या सुमारास आठ-दहा म्हशी घेऊन एक दूधवाला त्या वाटेने येतो, आमच्या इमारतीच्या मोकळ्या जागेचा एक कोपरा कापतो आणि पलीकडच्या नाल्याकडे निघून जातो. गेल्या वर्षी रहिवाशांच्या सभेत या कोपऱ्याला फाटक लावण्याचा प्रस्ताव आला, आणि निवृत्त असले तरी वकिलीची जुनी सवय न सुटलेल्या आमच्या एका सभासदांनी एकच प्रश्न विचारला : "हा माणूस किती वर्षे येतो आहे?" सभेला त्या प्रश्नाचा रोख कळला नाही. मला मात्र तो ऐकून या मुलखाच्या जमिनीचा सारा इतिहास आठवला, आणि तोच येथे सांगावयाचा आहे.

जमीन एकाची असावी आणि तिच्यातला काही हक्क दुसऱ्याचा असावा, ही कल्पना आपल्याकडे इतकी जुनी आहे की मराठेशाहीतील इनामाच्या सनदांनी तिच्यासाठी ठरावीक शब्दयोजनाच करून ठेवली होती. गाव इनाम देताना जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसहित ते दिल्याचे सनदेत लिहीत; म्हणजे वरवर पाहता पाण्यापासून पुरलेल्या ठेव्यापर्यंत काहीच मागे ठेवीत नसत. पण त्याच दमात, हक्कदार आणि पूर्वीचे इनामदार यांना वगळून, अशी पुस्तीही जोडीत. सर्वस्व देणारा हा लेख दुसऱ्याच्या हक्काला हात न लावता दिलेला असे. पाटलाचा मान, बलुत्याचा वाटा, देवस्थानचे तेल हे सगळे त्या एका पुस्तीच्या आडोशाला सुखरूप राहत. मालकी म्हणजे एकसंध दगड नव्हे, ती पिळाची दोरी असते आणि तिचे पदर निरनिराळ्या हातांत असू शकतात, हे त्या कारकुनांना कोणत्याही विधिमहाविद्यालयात न जाता ठाऊक होते.

नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात गावचा पाटील हा जमिनीचा मालक नव्हता. तो सारा गोळा करून सरकारात भरणारा, बहुधा वर्षा-वर्षाच्या करारावर गाव चालवणारा मक्तेदार होता. रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स याने १८२७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या अहवालात या व्यवस्थेचे तपशीलवार वर्णन केले आहे. तिसरे रघूजी डिसेंबर १८५३ मध्ये निपुत्रिक वारले, डलहौसीने राज्य खालसा केले, १८६१ साली मध्यप्रांत अस्तित्वात आला आणि रिचर्ड टेंपल याच्या कारकिर्दीत जो बंदोबस्त सुरू झाला, त्याने या मक्तेदाराला एका रात्रीत नव्हे, पण एका पिढीत जमीनमालक करून टाकले. हाच मालगुजार. काल जो गावाचा हिशेब ठेवीत होता, तो आज गावाच्या पडिताचा, झुडपाचा, तलावाचा आणि आबादीचा धनी झाला. वऱ्हाडात रयतवारी आली, आणि वर्धा नदीच्या अलीकडे मालगुजारी.

इंग्रज अंमलदार काही धर्मात्मे नव्हते. परंतु गावाचे सारे रान एका माणसाच्या नावे लिहून दिले तर उद्या नांगराला लाकूड आणि गुरांना चारा कोठून येणार, हा व्यावहारिक प्रश्न त्यांना पडला. त्याचे उत्तर म्हणून बंदोबस्ताच्या मिसलीत प्रत्येक गावासाठी एक कागद जोडला गेला, त्याचे नाव वाजिब-उल-अर्ज. अरबी शब्दाचा अर्थ, जे निवेदन करणे वाजवी आहे ते. गावात कोणाची गुरे कोठे चरतात, जळणाचे लाकूड कोणी कोठून आणावे, घराच्या आढ्याला आणि वखराला लागणारे लाकूड कोणत्या रानातून मिळावे, तलावाचे पाणी कोणाच्या धानाच्या बांधीला जावे, मेलेले जनावर कोठे टाकावे, स्मशान कोठे, खळे कोठे, वाट कोठून, असा गावरहाटीचा सारा ऐवज त्यात नोंदला जाई. या हक्कांना एकत्रित नाव होते निस्तार.

हा शब्द मला फार दिवस चाळवीत आला आहे. संस्कृतात निस्तार म्हणजे तरून पलीकडे जाणे. मराठीत आपण निस्तरणे म्हणतो ते बहुधा वैतागून : पोराने करून ठेवलेले आता बापाने निस्तरावे. महसुली भाषेने मात्र या शब्दाचा सर्वांत सरळ अर्थ उचलला. चारा, जळण, पाणी आणि वाट यांच्यावाचून कुणब्याचे वर्ष पार पडत नाही. ज्यामुळे ते पार पडते तो निस्तार. कोणत्याही समितीने बसून घडवलेला पारिभाषिक शब्द इतका नेमका झाल्याचे मला आठवत नाही.

या व्यवस्थेचे सर्वांत ठळक रूप पाहायचे तर नागपूरहून पूर्वेला, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या धानाच्या मुलखात जावे लागते. तेथे लहानमोठे सहा हजारांहून अधिक जुने तलाव आहेत. त्यांतले कित्येक कोहळी समाजाच्या कसबी लोकांनी बांधले. जो तलाव बांधील त्याला त्या तलावाखाली भिजेल तेवढी जमीन द्यावी, असा चांद्याच्या गोंड राजांचा शिरस्ता होता, असे परंपरा सांगते, आणि नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशय कोलू पाटील कोहळी याच्या नावाशी जोडला जातो. नागपूर शहरातही या परंपरेचा अंश नावापुरता उरला आहे. पांढराबोडी या वस्तीच्या नावातली बोडी म्हणजे छोटा तलाव.

तलावाची रचना जवळून पाहिली म्हणजे हक्कांची रचनाही उलगडते. मातीची पाळ, जादा पाणी बाहेर काढणारी सलंग, आणि पाळीच्या पोटातून पाणी सोडणारे तुडुम. तुडुमाच्या उभ्या बांधणीत एकाखाली एक छिद्रे असतात आणि त्यांत लाकडी गुडदे ठोकलेले असतात. पाण्याची पातळी जसजशी उतरते तसतसा वरचा गुडदा निरुपयोगी होतो आणि खालचा काढावा लागतो. तो कधी काढावा, कोणाच्या बांधीकडे पाट आधी वळवावा, हे ठरवण्याचे काम पाणकराकडे असे. पाळ मालगुजाराची, पण पाणी बांध्यांचे. मासे धरण्याचा आणि शिंगाडा लावण्याचा व्यवहार ढीवरांचा. उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या तळातला गाळ शेतात नेण्याची मुभा गावाची. काठावरचे गवत गुरांचे. एका पाण्याच्या तळ्यात पाच-सहा मालक्या एकमेकींवर ओणवून उभ्या होत्या, आणि त्यांतील कोणत्याही एकीला तळे बुजवून टाकणे परवडणारे नव्हते. तलाव टिकले याचे कारण शोधताना आपण पूर्वजांच्या पर्यावरणनिष्ठेचे गोडवे गातो. माझ्या मते कारण याहून कोरडे आहे : ते बुजवण्याचा अधिकार कोणा एकाच्या हाती नव्हता.

यात मालगुजाराचा तोटा होता काय? तलावाखालची जमीन भिजली म्हणजे कास्तकार टिकून राहत, खंड वेळेवर येई, पडीत उठत असे. धानाच्या मुलखात पाण्यावाचून रयत गाव सोडून जाते, आणि रयत गेलेल्या गावाचा मालगुजार हा सरकारी साऱ्याखाली दबलेला दुर्दैवी जीव असतो. तकावी घेऊन पाळ दुरुस्त करणारे मालगुजार पुण्य मिळवण्यासाठीच ते करीत होते असे मानण्याचे कारण नाही. दुसऱ्याचा हक्क आपल्या जमिनीत मान्य करणे हा त्यांच्या मिळकतीचा विमाच होता.

परंतु या चित्राला सोनेरी चौकट लावण्याचा मोह टाळावा. त्याच गावात वेठ होती, बेगार होती, मालगुजाराच्या वाड्यावर विनामोबदला राबणारे हात होते. ज्या तलावावर साऱ्या गावाचा हक्क लिहिला होता त्याच तलावाच्या काठी अस्पृश्य मानलेल्यांनी कोणत्या बाजूला उभे राहावे, हेही रूढीने ठरवून टाकले होते. वाजिब-उल-अर्ज रूढीचा आरसा होता. रूढी जेथे वाकडी, तेथे प्रतिबिंबही वाकडेच.

कायद्याच्या इतिहासातील एक गोष्ट नागपूरकरांनी थोड्या अभिमानाने सांगावी अशी आहे. परक्याच्या जमिनीतून वाट, पाणी, उजेड वा वारा मिळवण्याचे जे हक्क आपण व्यवहारात वहिवाट म्हणून ओळखतो आणि विधिभाषेत ज्यांना सुविधाधिकार म्हणतात, त्यांचा हिंदुस्थानातील कायदा १८८२ साली झाला. त्याचा मसुदा व्हिटली स्टोक्स या आयरिश पंडिताचा. हा कायदा प्रारंभी लागू झाला तो मद्रास, कूर्ग आणि मध्यप्रांत एवढ्याच मुलखांना. मुंबई इलाख्याला तो १८९१ साली मिळाला. म्हणजे सोमलवाड्याच्या कुणब्याला जो कायदा लाभला होता, तो गिरगावच्या चाळवाल्याला मिळायला आणखी नऊ वर्षे जायची होती. त्याच्या अठराव्या कलमात रूढीने मिळणाऱ्या सुविधाधिकाराची व्यवस्था आहे, आणि तेथे दिलेला पहिलाच दाखला सामाईक कुरणात गुरे चारणाऱ्या गावकऱ्यांचा आहे. पंधरावे कलम असे की, शांततेने, उघडपणे, हक्क म्हणून आणि खंड न पडता वीस वर्षे वाट वापरली तर ती वाट कायद्याने हक्काची होते. आमच्या सभासदांच्या प्रश्नाचा रोख या वीस वर्षांकडे होता.

मात्र या कायद्याला एक मर्यादा आहे. सुविधाधिकार हा एका जमिनीच्या उपभोगासाठी दुसऱ्या जमिनीवर असतो; ज्याला लाभ व्हायचा त्याची स्वतःची जमीन असावीच लागते. भूमिहीनाला, पाखराला, नदीला किंवा एखाद्या सार्वजनिक संस्थेला आपल्या पदरी जमिनीचा तुकडा नसताना हा हक्क धरता येत नाही.

नेमकी हीच अडचण अमेरिकेने गेल्या शतकात कायदे करून दूर केली. तेथे कॉन्झर्व्हेशन ईझमेंट नावाचा जो करार रूढ झाला आहे, त्यात शेतकरी किंवा रानाचा मालक आपली मालकी स्वतःकडेच ठेवतो. कसतो, विकतो, मुलांच्या नावे करतो. परंतु त्या जमिनीचे भूखंड पाडण्याचा, तिच्यावर इमारती उभारण्याचा हक्क तेवढा तो एखाद्या भूमिन्यासाला किंवा स्थानिक शासनाला कायमचा देऊन टाकतो. पुढे ती जमीन कोणीही घेतली तरी हे बंधन तिच्याबरोबर जाते. मोबदला म्हणून प्राप्तिकरात सवलत मिळते, जमिनीचे बाजारमूल्य उतरल्यामुळे वारसाकर कमी होतो, आणि करापायी वाडवडिलांचे शेत विकण्याची पाळी वारसांवर येत नाही. समाजाला पाणलोट मोकळा मिळतो, शहराच्या वेशीवर शेती उरते, आणि यासाठी सरकारला ती जमीन खरेदी करावी लागत नाही. या कल्पनेचे मूळ मॅसॅच्युसेट्समध्ये १८९१ साली चार्ल्स एलियट याच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या विश्वस्त संस्थेपर्यंत मागे नेता येते, आणि १९८१ साली तेथे निरनिराळ्या राज्यांसाठी एक नमुना कायदाही तयार झाला. अर्थात जेथे करसवलत तेथे लबाडी. जमिनीची किंमत फुगवून कर बुडवणाऱ्या टोळ्यांचा तेथील करखात्याला बंदोबस्त करावा लागला आहे. त्यांच्या पद्धतीत आणि आपल्या निस्तारात एक मोठा भेदही आहे. तिकडचा मालक एखादी गोष्ट न करण्याचे वचन देतो. आमच्या मालगुजाराला दुसऱ्याला काही करू द्यावे लागत असे. तिकडच्या रक्षित कुरणात शेजाऱ्याला पाऊल ठेवण्याचा हक्क असेलच असे नाही. आमच्या कुरणात शेजाऱ्याची म्हैस हीच कुरणाची राखणदार होती.

स्वातंत्र्यानंतर मालगुजारी जाणार हे उघडच होते, आणि ती गेली याबद्दल खंत करण्याचे कारण नाही. नागपूर त्या वेळी मध्यप्रदेशाची राजधानी. १९५० सालच्या मालकी हक्क निर्मूलन कायद्याने ३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारांचे आणि जमीनदारांचे हक्क सरकारजमा झाले. अहेरीच्या जमीनदारांसह अनेकांनी सर्वोच्च न्यायालय गाठले, पण १९५२ साली कायदा टिकला. रान, पडीत, पाणवाटा, मासेमारी, बाजार, आबादी, सर्व काही सरकारचे झाले.

या कायद्यातील तलावांविषयीची तरतूद मला अत्यंत अर्थपूर्ण वाटते. गावठाणाबाहेरच्या, कोणाच्या वहितीत नसलेल्या जमिनीवरील ज्या तलावावर मालगुजाराखेरीज दुसऱ्या कोणाचाही सिंचनाचा हक्क नव्हता, तो तलाव त्याच्याकडेच राहू दिला गेला. ज्यावर इतरांचा हक्क होता, तो सरकारकडे गेला. एका दृष्टीने हा न्यायच होता. ज्याने पाणी एकट्याने वापरले त्याचे ते खाजगी, ज्याने वाटून वापरले त्याचे ते सार्वजनिक. परंतु दुसऱ्या दृष्टीने पाहता, शेजाऱ्यांना हक्क देणाऱ्याचा तलाव गेला आणि न देणाऱ्याचा राहिला.

त्याच कायद्यातून उद्भवलेला एक खटला रसिकांनी वाचावा असा आहे. एका जमीनदाराच्या पत्नीने १९४८ साली पतीकडून सव्वीस हजार रुपयांना जंगलतोडीचा हक्क लिहून घेतला होता; लेखाची नोंदणी मात्र केली नव्हती. निर्मूलनानंतर सरकारने तिला रानातून बाहेर काढले आणि प्रकरण १९५८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आले. नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश राहिलेले न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी त्यात स्वतंत्र निकालपत्र लिहून, तोडीला आलेले लाकूड आणि जमिनीतून अन्न शोषीत उभा असलेला वृक्ष यांतील फरक मोठ्या रसाळपणे उलगडून दाखवला. उभा, वाढता वृक्ष ही स्थावर मिळकत, आणि स्थावरातला हक्क नोंदणीवाचून सिद्ध होत नाही, हे त्याचे सार. बाई हरल्या. परक्या जमिनीतला हक्क नवऱ्याकडून घेतलेला असला तरी दप्तरात चढवलेला नसेल तर पाण्यासारखा जिरून जातो, हा बोध त्या निकालातून मी घेतो.

आणि जो हक्क दप्तरात चढला होता त्याचे काय झाले? त्याची कथा नाट्यमय नाही. तलाव माजी मालगुजारी तलाव झाले, आणि आद्याक्षरांच्या हौसेने त्यांचे मामा तलाव झाले. शंभर हेक्टरपर्यंत सिंचनाचे तलाव जिल्हा परिषदेकडे आणि मोठे पाटबंधारे खात्याकडे गेले. पाणकराची नेमणूक कोणी करावी हे अस्पष्ट झाले. गाळ साचला, पाळीवर बेशरम माजली, बुडित क्षेत्रात अतिक्रमणे आली. गावाची चराऊ पडिते झुडपी जंगल या शीर्षकाखाली गेली. ही जमीन वन आहे की महसुली, हा वाद पूर्व विदर्भात कित्येक दशके चालला आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वनच असल्याचे सांगितले. तिला गावाचा निस्तार म्हणणारी नोंद या साऱ्या वादात कोठल्याशा बस्त्यात पडून होती.

तरीही हा कागद रद्द झालेला नाही, हे सांगितले की ऐकणाऱ्याला आश्चर्य वाटते. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत खास विदर्भासाठी निस्तारपत्रकाची आणि वाजिब-उल-अर्जाची कलमे आहेत. एकशे पासष्टावे कलम तर असे की, जी जमीन किंवा पाणी सरकारच्या वा स्थानिक संस्थेच्या मालकीचे अथवा ताब्यातले नाही, त्यातील सिंचनाचे, वाटेचे, मासेमारीचे व तत्सम रूढीचे हक्क जिल्हाधिकाऱ्याने गावनिहाय तपासून नोंदवावेत. खाजगी जमिनीतील सार्वजनिक हक्काची नोंद करण्याची याहून स्वच्छ तरतूद शोधूनही सापडायची नाही. अमेरिकेत ज्यासाठी वकिलांच्या फौजा लागतात, ते काम येथे पटवाऱ्याच्या लेखणीला नेमून दिले आहे. लेखणी उचलली जात नाही, एवढेच.

विदर्भात ज्यांनी ही दोरी पुन्हा हाती धरली त्यांत धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाचा मान पहिला. २००६ च्या वनाधिकार कायद्याने सामूहिक हक्कांची व्याख्या करताना निस्तार हा शब्द जसाच्या तसा उचलला आहे, आणि २००९ साली मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर वनावर त्या कायद्याखाली सामूहिक अधिकार मिळाला. परंतु माझ्या विषयाच्या दृष्टीने त्या गावाने २०१३ साली केलेली गोष्ट अधिक मोलाची आहे. तेथील सर्व जमीनधारकांनी महाराष्ट्र ग्रामदान अधिनियम, १९६४ याचा आधार घेऊन आपापल्या शेताची मालकी ग्रामसभेकडे सोपवली. ग्रामदानात शेतकरी शेत सोडून जात नाही. तो आणि त्याचे वारस ते कसत राहतात. परंतु गावाबाहेरच्या माणसाला ते विकण्याचा हक्क ते गमावतात. म्हणजे मालकीच्या दोरीतला एकच पदर, पण सर्वांत मौल्यवान, गावाच्या स्वाधीन करायचा. अमेरिकेतल्या कराराशी याचे साम्य सांगायला हवे असे नाही. ग्रामदान कायद्यामागची प्रेरणा आमच्या याच रस्त्यावरची आहे. मनीषनगराहून वर्धा मार्गाने पुढे गेले की धाम नदीच्या काठी पवनार लागते. आणि नागपूरला मालगुजारी संपली त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, १८ एप्रिल १९५१ रोजी, पवनारहून निघालेल्या विनोबांना तेलंगणातील पोचमपल्ली येथे पहिले भूदान मिळाले. कायद्याने काढून घेतलेली जमीन आणि प्रेमाने मागितलेली जमीन या दोन धारा एकाच वसंतात वाहू लागल्या. भूदानातील पुष्कळ जमीन निकृष्ट निघाली, पुष्कळ वाटलीच गेली नाही, ही टीका खरी आहे. पण जमिनीचा मालक आपला एखादा हक्क आपणहून खाली ठेवू शकतो, ही कल्पना त्या पदयात्रेने मराठी शेतकऱ्याच्या ओळखीची केली.

वन्यजीव कायद्यातही २००२ च्या दुरुस्तीने समुदाय राखीव क्षेत्राची सोय झाली. एखाद्या व्यक्तीने वा समाजाने स्वेच्छेने पुढे येऊन आपली जमीन वन्यजीवांसाठी राखावी, मालकी आपलीच ठेवावी, आणि पुढे तिचा वापर बदलताना स्थानिक समितीचा ठराव व शासनाची मान्यता घ्यावी. सोय चांगली, परंतु तिच्या पदरात मालकासाठी करसवलतीसारखे ठोस काही नाही, आणि नुसत्या सद्भावनेवर चाळीस लाखांचा एकर राखून ठेवणारे लोक कोणत्याही देशात थोडेच.

आता मनीषनगराकडे परत येतो. येथे जे घडले ते नागपूरच्या चहूबाजूंना घडले. शेतकऱ्याने शेत विकले, सोसायटीने किंवा विकासकाने लेआऊट टाकले, पुष्कळदा मंजुरीआधीच प्लॉट विकले गेले, आणि पुढे २००१ च्या गुंठेवारी कायद्याखाली सुधार प्रन्यासाचे नियमितीकरणपत्र मिळवण्यासाठी रांगा लागल्या. आमच्याकडे प्लॉटची चौकशी करणारा भाव विचारण्याआधी 'आरएल आहे का?' असे विचारतो, ते हेच पत्र. नकाशात प्रत्येक लेआऊटला मोकळ्या जागेचा एक हिरवा तुकडा दाखवावा लागतो आणि सार्वजनिक उपयोगाचा आणखी एक. सोमलवाड्याच्या जुन्या निस्ताराचा हा शहरी वारस. कोठे त्यावर बगीचा आहे, कोठे मंदिर, कोठे दोन्ही, आणि कोठे केवळ पाटी. त्या तुकड्यावर आपला हक्क आहे हे प्लॉटधारकाला बहुधा तेव्हा कळते, जेव्हा त्यावर कोणीतरी खांब उभे करू लागतो. आणि पांधणींचे म्हणाल, तर नकाशा काढणाऱ्याने पट्टी सरळ धरली आणि पांधणी वाकड्या होत्या. बहुतेक भूखंडांच्या पोटात गेल्या. पावसाळ्यात दक्षिण नागपुरात ज्या तळमजल्यांत पाणी शिरते त्यांतले काही जुन्या पाणवाटांवर उभे असावेत, असा माझा संशय आहे. पाण्याची वहिवाट कोणत्याही दप्तरापेक्षा जुनी.

आमच्या सभेत वीस वर्षांचा हिशेब झाला. इमारत होऊन एकोणीस वर्षे झाली होती. दूधवाला त्याआधीपासून, म्हणजे येथे तूर उभी होती तेव्हापासून येत होता, असे वॉचमनने सांगितले. वकील सभासदांनी समजावले, की हक्क म्हणून वापर झाला तरच वहिवाट सिद्ध होते. मालकाच्या परवानगीने झालेल्या वापरातून ती कधीच उत्पन्न होत नाही. तेव्हा फाटक लावून शेजारपाजाऱ्यांशी वैर करण्यापेक्षा परवानगी देऊन टाकावी, आणि ती दिल्याचे लिहून ठेवावे. ठराव एकमताने संमत झाला. आठवड्याभरात कोपऱ्यावर निळ्या पत्र्याची पाटी लागली : हा मार्ग सोसायटीच्या परवानगीने वापरण्यासाठी खुला आहे.

पाटी लागली त्या सकाळी मी खाली उभा होतो. म्हशी नेहमीप्रमाणे कोपरा कापून पुढे गेल्या. दूधवाला थांबला, काठी बगलेत धरून त्याने ती ओळ सावकाश वाचली, आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "पण मी तं परवानगी कधी मांगतलीच नव्हती, काका."